अकरा वाजून सात मिनिटांचं वाक्य

जिनगोंडा मगदूम यांनी चाळीस वर्षं कुस्तीच्या मैदानांत निवेदन केलं. हातात कागद न धरता ते पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद आणि मागच्या तीन कुस्त्यांचे निकाल सांगत. मैदानाच्या पार पलीकडे, उसाच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसालाही कुणी कुणाचा पट काढला ते त्यांच्या आवाजावरून कळे.

सदुसष्टाव्या वर्षी तो आवाज घसरू लागला. आधी जीभ जड झाली, मग घोटाघोटाला ठसका लागू लागला. मिरजेच्या डॉ. नसीमा पटवेगार यांनी तपासण्या करून सांगितलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत आहेत. बुद्धी शाबूत राहील, डोळे फिरतील. बाकीचं शरीर हळूहळू साथ सोडील.

दहा वर्षांपूर्वी अशा रोग्याला गप्प होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. २०४१ साली 'उच्चार' होता. मेंदूच्या ज्या भागातून ओठांना आणि जिभेला हुकूम सुटतात, तिथं नखाएवढी एक जाळी बसवत. माणूस बोलायला गेला, की तोंड हललं नाही तरी हुकूम सुटतच. जाळी ते टिपे आणि उशाशी ठेवलेल्या डब्याकडे पाठवी. डबा ते पुण्यातल्या सर्व्हरकडे धाडी. तिथं त्या संकेतांचे शब्द होत, वाक्य पुरं झालं की डब्यावर हिरवा दिवा लागे, आणि डबा ते मोठ्यानं बोले. या सगळ्याला सेकंदभरही लागत नसे. आवाज रोग्याचा स्वतःचाच, जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला. जिनगोंडांची, म्हणजे घरच्यांच्या अण्णांची, सगळी मुद्रणं मैदानातली होती. त्यामुळे ते "खिडकी लाव" म्हणाले तरी पाच हजार माणसांना सांगितल्यासारखं वाटे.

त्यांची मुलगी पद्मजा मिरजेला वैद्यकीय यंत्रांच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करी. यंत्रातल्या प्रोग्रॅमला मुद्दाम वाकडंतिकडं काहीतरी खायला घालायचं आणि तो कुठं मोडतो ते पाहायचं, हे तिचं काम. वय त्रेचाळीस, बोलणं मोजकं. घरी सांगलीत आई, अण्णा आणि ती. धाकटा भाऊ सन्मती साखर कारखान्यात केमिस्ट होता. तो जवळच राहायचा आणि रोज एक चक्कर टाकायचा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सगळे न्याहारीला बसले होते. आई अण्णांना पोटातल्या नळीवाटे पेज देत होती. एकाएकी अण्णांचा डबा खणखणीत आवाजात म्हणाला, "शेवंता, गाईला पेंड घातलीस का?"

घरात गाय नव्हती. शेवंता नावाचं कुणी नात्यातही नव्हतं.

सन्मती हसला. "अण्णा, स्वप्नात होता काय?"

आईही हसली. पद्मजानं अण्णांकडे पाहिलं. त्यांचे डोळे तिच्यावर खिळले होते, आणि ते हसत नव्हते. डब्यावरचा दिवा नारिंगी झाला. डबा स्वतःहून बंद पडून पुन्हा चालू होत होता. चाळीस सेकंदांनी दिवा पांढरा झाला, आणि अण्णा म्हणाले, "हे मी बोललो नाही."

पद्मजानं दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत 'उच्चार'च्या सर्व्हरची नक्कल उभी केली. तो सर्व्हर 'मेरू' नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चाले. मेरूचं सगळं लिखाण कुणालाही वाचायला खुलं होतं, आणि हजारो लोकांनी ते वाचलंही होतं. म्हणूनच कुणी फारसं खोलात गेलं नव्हतं; प्रत्येकाला वाटे, दुसऱ्यानं पाहिलं असेल. पद्मजाला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तिनं एका सुट्या डब्यात जे शब्द घातले, ते शेजारच्या टेबलावरचा डबा बोलला.

त्या संध्याकाळी सन्मती आला तेव्हा तिनं त्याला गच्चीवर नेलं आणि सांगितलं.

"मंगल कार्यालय धर," ती म्हणाली. "खोल्या ठरलेल्या. एक वऱ्हाड गेलं की खोली झाडून दुसऱ्या लग्नाला देतात. कॉम्प्युटरची मेमरी तशीच असते. काम झालं की जागा मोकळी करायची आणि दुसऱ्या कामाला द्यायची."

"बरं."

"आता पहिल्या लग्नाच्या आचाऱ्याला एक चिठ्ठी दिलेली असते. चार नंबरच्या खोलीतले लोक सांगतील तसं पानावर वाढायचं. ते वऱ्हाड गेलं, खोलीत दुसरे आले, पण आचाऱ्याच्या खिशातली चिठ्ठी कुणी काढून घेतलीच नाही."

"म्हणजे तो दुसऱ्यांचं ऐकून पहिल्यांच्या पंगतीला वाढणार."

"तेच होतंय. एखाद्याचं वायफाय वाक्याच्या मध्येच क्षणभर तुटलं, की मेरू त्याची जागा मोकळी करतो, पण एक चिठ्ठी तशीच राहते. त्या क्षणी ती जागा दुसऱ्या रोग्याला मिळाली, तर त्याचं वाक्य याच्या तोंडून येतं. आणि हे ज्याला कळेल, तो मुद्दाम ती खोली मिळवून बसू शकतो. मग 'उच्चार' वापरणाऱ्या तीन हजार माणसांपैकी कुणाच्याही तोंडून काहीही वदवता येईल. त्याच्याच आवाजात."

सन्मती कठड्याला टेकला. मग म्हणाला, "ते जूनमधलं?"

पद्मजाला हाच प्रश्न अकरा दिवस सतावत होता.

शासनानं दोन वर्षांपूर्वी 'उच्चार'मधून केलेलं विधान रुग्णालयात आणि निबंधक कार्यालयात ग्राह्य धरलं होतं. बारा जूनला डॉ. पटवेगार घरी आल्या होत्या. कॅमेरा लावून त्यांनी अण्णांना विचारलं होतं, की पुढं श्वास कमी पडेल तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि श्वासयंत्रावर ठेवायचं, की नाही. यंत्रावर माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो. नाही म्हटलं तर औषधं देऊन त्रास कमी ठेवायचा आणि जे होईल ते होऊ द्यायचं. अकरा वाजून सात मिनिटांनी डबा म्हणाला, "मला नळी नको. घरीच राहू द्या." मग, वायफाय तुटलं की नेहमी होई तसा, डब्याचा दिवा नारिंगी झाला. आईनं अण्णांचा हात हातात घेतला आणि रडत रडत म्हणाली, "तुमच्या मनासारखंच होईल." डॉक्टरांनी लिहून घेतलं.

"मी काल ती चित्रफीत पुन्हा लावली," पद्मजा म्हणाली. "डबा 'मला' म्हणत नाही. 'मले' म्हणतो. मले नळी नको."

"यंत्र हाय. ला चं ले झालं असेल."

"असेल. अण्णा चौदा महिने बोलतायत. एकदा तरी 'मले' ऐकलंस?"

सन्मतीला राग आला, पण तो आवाज न चढवता बोलला. "हे बघ पद्मी, आपण पाच महिने तयारी केली मनाची. आईनं केली. अण्णांनी सांगितलंय, आपण ऐकतोय, यात एक समाधान हाय. त्यात आता खोट काढून काय मिळणार? अण्णांना विचारलंस का?"

"नाही."

"का?"

"उत्तरही त्याच डब्यातून येणार."

हे कारण खरं होतं. पण हो-नाही तर डोळ्यांनीही सांगता येतं, हे तिला ठाऊक होतं, आणि सन्मतीलाही. दोघांनीही तो विषय तिथंच ठेवला.

'उच्चार' बनवणारी कंपनी पुण्यातली. तिच्या सुरक्षा विभागाचे प्रमुख गौतम सरपोतदार यांनी पद्मजाचा अहवाल वाचून तासाभरात फोन केला. त्यांनी काहीच नाकारलं नाही.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "आम्ही इथं करून पाहिलं. पण माझी एक विनंती ऐका. नव्वद दिवस कुठं बोलू नका. आम्ही गुपचूप दुरुस्त करतो. आज जाहीर झालं तर दुरुस्तीपर्यंत सगळे डबे बंद ठेवावे लागतील. तीन आठवडे, कदाचित जास्त. तीन हजार एकशे बेचाळीस माणसं मुकी होतील. त्यातली काही एकटी राहतात. रात्री-अपरात्री दुखलं-खुपलं तर त्याच डब्यातून हाक मारतात."

"गेल्या आठवड्यात 'उच्चार'वरून किती विधानं नोंदवली गेली?" पद्मजानं विचारलं.

त्यांनी पाहून सांगितलं, "एक्केचाळीस."

"मृत्युपत्रं, संमती, तक्रारी, असंच ना? त्यातली कुणाची कुणाच्या तोंडून आली, सांगता येईल तुम्हाला?"

"एकेक नोंद तपासली तर येईल. लगेच नाही."

"नव्वद दिवसांत अशी पाचशे होतील."

"होतील," सरपोतदार म्हणाले. "मला कळतंय. तरी विचारतोय."

पद्मजानं दोन दिवस मागून घेतले. तिच्यापुढे आणखी एक गोष्ट होती, जी तिनं त्यांना सांगितली नाही. अण्णांची श्वासाची ताकद तीस टक्क्यांच्या खाली उतरली होती. डॉक्टरांच्या हिशेबानं फार तर तीन आठवडे हातात होते. नव्वद दिवस गप्प बसलं, तर जूनचं विधान कायम राहणार होतं आणि त्यानुसार सगळं सुरळीत, ठरल्याप्रमाणे पार पडणार होतं. कुणी कुणाला काही विचारायची वेळ येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अण्णांच्या खाटेजवळ बसली. आई आत भांडी लावत होती.

"अण्णा, त्या दिवशी गाईचं बोलला ना डबा, ती चूक सापडली मला. मोठी आहे. बाहेर काढली तर सगळ्यांचे डबे बंद करतील. तुमचाही. महिनाभर तरी."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. हिरवा दिवा लागला. "मग अडलंय कुठं?"

"तुमचं बोलणं बंद होईल म्हणून."

"पंचानं कुस्ती बघून निकाल द्यावा, पैलवान बघून नव्हं. काढ बाहेर."

मैदानी आवाजात ते असं घुमलं, की आई आतून विचारती झाली, काय झालं म्हणून. पद्मजाच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला होता. तिनं तो विचारला नाही. उठून तिनं चहा ठेवला.

तिनं अहवाल नियामक मंडळाकडे पाठवला. तीन दिवसांनी आदेश निघाला: सोमवारी सकाळी दहापासून 'उच्चार' बंद, दुरुस्तीनंतर तपासणी होऊन पुन्हा सुरू, आजवरची सर्व विधानं नव्यानं खातरजमा होईपर्यंत अनिश्चित मानावीत. वर्तमानपत्रांत पद्मजाचं नाव आलं. काही लोकांनी तिचं कौतुक केलं. लातूरहून एका बाईनं प्रयोगशाळेत फोन लावून तिला बोलावून घेतलं आणि विचारलं, "माझ्या नवऱ्याला मुकं करून तुम्हाला काय मिळालं?" बाईचं बोलणं संपेपर्यंत पद्मजानं फोन कानाशी धरून ठेवला.

सोमवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना अण्णा म्हणाले, "काय सांगायचं राहिलं असंल तर सांगून घेतो. सन्मती, ती मोटारसायकल एकदाची दुरुस्त कर." मग डब्याचा दिवा गेला. घर इतकं शांत झालं, की स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज पुढच्या खोलीत येऊ लागला.

त्याच आठवड्यात डॉ. पटवेगार आल्या. त्यांनी अण्णांना तपासलं आणि ओसरीवर तिघांशी बोलल्या.

"दिवस थोडे आहेत. आणि जूनचं विधान आता मला चालणार नाही. नवं घ्यावं लागेल."

"डबा बंद हाय, मॅडम," सन्मती म्हणाला.

"डब्याच्या आधीही अशी माणसं होती. आम्ही तक्ता वापरायचो." त्यांनी पिशवीतून एक जुना पुठ्ठा काढला. त्यावर वर्णमाला ओळींनी लिहिली होती. "ओळीचं पहिलं अक्षर म्हणायचं. हवी ती ओळ आली की ते डोळे वर करतील. मग ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा सोडून द्या, तुम्ही अंदाजानं लावा आणि बरोबर का ते विचारा. वेळ लागतो. घाई करू नका. उद्या दुपारी मी कॅमेरा घेऊन येते, तोवर तुमचं तुम्ही बोलून घ्या. कसंही घ्या, पण त्यांचं घ्या."

त्या जाताच पद्मजा पुठ्ठा घेऊन खाटेजवळ बसली. आई पायथ्याशी बसली, सन्मती दाराला टेकून उभा राहिला. ऊन खिडकीतून पांघरुणावर आलं होतं.

"अण्णा, जूनमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं. तुम्ही नळी नको म्हणालात. ते तुम्हीच बोललात ना?"

मग ती ओळी म्हणू लागली. अ, क, च, ट, त. डोळे वर. त, थ. अण्णांनी डोळे खाली केले, म्हणजे आधीचं. त. पुन्हा पहिल्यापासून. प. डोळे वर. प, फ, ब, भ, म. त्यानंतर न. त्यानंतर ह. चार अक्षरांना नऊ मिनिटं लागली. पद्मजानं ती वहीत एकाखाली एक लिहिली.

"त, म, न, ह," तिनं वाचलं. तिला ते लगेच लागलं होतं, तरी तिनं थोडा वेळ घेतला. "ते मी नाही?"

अण्णांचे डोळे वर गेले.

आई म्हणाली, "म्हणजे काय?"

सन्मती दारातून आत आला. "मग सांगितलं का नाही तेव्हाच? डबा चालू झाला की लगेच. पाच महिने गेले की, अण्णा."

पद्मजानं पुठ्ठा पुन्हा उचलला. या वेळी अक्षरं जास्त होती. मध्ये अण्णा दमले, तेव्हा आईनं त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. एकदा पद्मजाची ओळ चुकली आणि मागे जावं लागलं. अर्धा तास झाला. वहीत आठ अक्षरं उतरली: त म ह ल क झ ल त.

सन्मतीनं वही हातात घेतली. त्याला लागेना. पद्मजानं ती परत घेतली आणि खालच्या आवाजात वाचलं, "तुम्ही हलके झालात."

डोळे वर गेले.

तिला जूनमधली ती चाळीस सेकंदं आठवली. नारिंगी दिवा. आईचं रडणं, आणि रडताना पदरानं डोळे पुसून तिनं सोडलेला मोठा श्वास. सन्मतीनं खिडकीकडे वळून खांदे सैल सोडले होते. आणि ती स्वतः? ती उठून आत गेली होती, चहा ठेवायला. गॅस पेटवताना तिला बरं वाटलं होतं. वर्षानुवर्षांचं यंत्र, रात्रंदिवस श्वासाची नळी साफ करणं, आईची तब्येत, हे सगळं तिनं मनात मोजून ठेवलं होतं, आणि आता ते करावं लागणार नव्हतं. अण्णा खाटेवरून सगळ्यांचे चेहरे पाहत होते. दिवा पांढरा होईपर्यंत त्यांचं गप्प राहायचं ठरलं होतं.

आईला उशिरा कळलं. कळल्यावर ती रडली नाही. ती उठून खाटेच्या डोक्याशी आली आणि अण्णांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "मी तेव्हा काय बोलले ते सोडून द्या. आता विचारते. नळी घालायची का?"

अण्णांनी डोळे वरही केले नाहीत आणि खालीही. बऱ्याच वेळानं त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. दोन अक्षरं सांगितली. उ, द.

"उद्या?" पद्मजानं विचारलं. डोळे वर.

पाच महिने माणूस एका दिशेनं चालत गेला होता. त्याला मागे फिरायला एक रात्र हवी होती. सन्मती घरी न जाता तिथंच ओसरीवर झोपला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कॅमेरा लावला आणि तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. नळी घाला. शेवटी अण्णांनी पुठ्ठा मागितला आणि स्वतःहून आठ अक्षरं दिली, त्यातून पद्मजानं वाचलं, "अजून बघायचंय." आईनं विचारलं, काय बघायचंय.

डिसेंबरात मिरजेला शस्त्रक्रिया झाली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात 'उच्चार' दुरुस्त होऊन सुरू झाला. अण्णा घरी आले ते श्वासयंत्रासकट. पद्मजा आणि सन्मतीनं पाळ्या लावून घेतल्या. दर दोन तासांनी नळी साफ करायची, रात्री एकानं जागायचं. काम अवघड होतं आणि दोघं चिडतही. पद्मजाला जे टळलं म्हणून बरं वाटलं होतं, ते सगळं आता तिच्या वाट्याला आलं होतं, आणि ती ते करत होती.

जानेवारीच्या अखेरीस कंपनीकडून बारा जूनची नोंद आली. नियमाप्रमाणे नावं झाकली होती, नुसते क्रमांक होते. अकरा वाजून सात मिनिटं, बत्तीस सेकंद. रोगी क्रमांक ४१२, म्हणजे अण्णा, त्यांचा दुवा तुटला. त्यांची जागा त्याच क्षणी क्रमांक ११८८ ला मिळाली. ११८८ चं वाक्य ४१२ च्या डब्यातून बाहेर पडलं. ११८८ च्या डब्यावर हिरवा दिवा लागला, पण आवाज आला नाही. अशी गाठ पडणं हजारात एखाद्या वेळचं. पण 'उच्चार' घेणारी बहुतेक माणसं याच रोगाची होती, आणि त्या सगळ्यांसमोर आज ना उद्या हाच एक प्रश्न येत होता.

पद्मजानं नोंद पुन्हा वाचली. इतके दिवस तिला एवढंच दिसलं होतं, की ते वाक्य अण्णांचं नव्हतं. म्हणजे ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

तिनं सरपोतदारांना फोन केला. "११८८ ला सांगितलंत?"

"सगळ्यांना सर्वसाधारण सूचना गेली आहे, की जुनी विधानं पुन्हा तपासा. कुणाचं वाक्य कुठं गेलं हे सांगायला वकिलांची मनाई आहे."

"तिथं विधान झालंच नाही. तपासणार काय?"

"बघतो," ते म्हणाले.

घरी तिनं अण्णांना सगळं सांगितलं. यंत्राच्या लयीत त्यांची छाती वर-खाली होत होती. हिरवा दिवा लागला.

"मग ज्याचं त्याला नेऊन दे की."

दोन दिवसांनी तिच्या फोनवर एक नंबर आला. पाठवणाऱ्यानं बाकी काही लिहिलं नव्हतं.

फोन भंडाऱ्याचा निघाला. दिवाकर ठवरे नावाच्या माणसानं उचलला. ११८८ म्हणजे त्याची आई, गिरजाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. पद्मजानं कोण, कुठली ते सांगितलं आणि बारा जूनबद्दल विचारलं.

"तो दिवस कसा विसरणार जी," दिवाकर म्हणाला. "सकाळपासून दम लागला होता. घरात पंधरा माणसं जमली. अकराच्या सुमारास मी आईला विचारलं, आई, दवाखान्यात नेऊ ना? नळी घालू देऊ ना? ती काही बोललीच नाही. मग दुपारी नेलं. तेव्हापासून यंत्रावर आहे."

"त्या बोलल्या होत्या," पद्मजा म्हणाली.

तिनं घडलं ते क्रमानं सांगितलं. वाक्य शब्दशः सांगितलं.

"त्यांना वाटलं असेल, डबा बोलला," ती पुढं म्हणाली. "हिरवा दिवा लागला होता."

"तिला ऐकू कमी येते," दिवाकर सावकाश म्हणाला. "दिवाच पाहते ती." मग पुढं म्हणाला, "नळी घातल्यापासून आई बोलत नाही जी. डबा चालू आहे, पण बोलतच नाही. आम्ही समजलो, थकली."

दिवाकरनं फोन ठेवला.

चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला.

"सांगितलं मी तिला," तो म्हणाला. "पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. तू बोलली होतीस, ते आमच्यापर्यंत पोचलंच नाही, सांगलीला गेलं. दोनदा वाचलं तिनं. मग डब्यातून बोलली. सात महिन्यांनी."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मले वाटलं तुमाले ऐकाचंच नाही."

मग तो स्वतःबद्दल बोलू लागला.

"मी तिचा एकुलता एक आहे. सात महिने तिचे पाय चेपले मी. आणि ती समजत होती, की आपण नको म्हटलं तरी ह्यानं ऐकलं नाही."

"आता नळीचं विचारलंत?"

"नाही अजून. उद्या विचारतो." मग तो म्हणाला, "तुमच्या वडिलांनी काय सांगितलं होतं?"

"घाला म्हणाले."

"तुम्हाला बरं झालं मग."

"कठीण आहे," पद्मजा म्हणाली. "पण त्यांनी सांगितलं, म्हणून करतोय."

"आणि आईनं काढा म्हटलं तर?"

पद्मजाला अण्णांची ती एक रात्र आठवली.

"एक दिवस जाऊ द्या, आणि पुन्हा विचारा," ती म्हणाली. "पुन्हा तेच म्हणाल्या, तर ऐकायचं."

पलीकडून श्वासयंत्राचा आवाज येत राहिला. अण्णांच्या यंत्राहून तो जरा संथ होता.

"ऐकतो," दिवाकर म्हणाला.